स्केल (संगीत)

स्केल : एका सप्तकातील स्वरांची चढती वा उतरती ओळ, त्या स्वरांमधील अंतरांची ठरलेली मांडणी. मूळ शब्द ‘स्काला’, म्हणजे शिडी. मेजर स्केलमध्ये तिसऱ्या-चौथ्या आणि सातव्या-आठव्या स्वरांत अर्ध्या स्वराचे अंतर असते, बाकी सगळीकडे पूर्ण स्वराचे. पेटीवर पांढरी एकपासून पांढऱ्या पट्ट्या ओळीने वाजवल्या की सी मेजर ऐकू येते. आपला बिलावल थाट तो हाच.

महाराष्ट्रातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत मात्र हा शब्द वेगळ्या अर्थाने रुळला आहे. ‘तुमची स्केल कोणती?’ या प्रश्नाला ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ असे उत्तर मिळते. इथे विचारलेला असतो तो षड्ज; इंग्रजीत त्याला की किंवा टॉनिक म्हणतात, मराठीत पट्टी. हा वापर चुकीचा ठरवण्याचे कारण नाही, कारण सारा व्यवहार त्यावर चालतो. तबला ‘काळी चारचा’ म्हणून विकत घेतला जातो. बासरी जितकी लांब, तितकी तिची स्केल खालची. स्केलचेंजर पेटीत पट्ट्यांचा संचच रीडांवरून सरकतो, म्हणून षड्ज बदलला तरी बोटांची सवय मोडत नाही.

गिटारमध्ये या शब्दाचा आणखी एक वापर आहे: ‘स्केल लेंग्थ’ म्हणजे तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी.

रागाला मात्र स्केल म्हणू नये. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध. पण भूप गंधारावर विसावतो आणि देशकार धैवताला धरून वरच्या अंगाने खुलतो. मारवा, पूरिया आणि सोहनी यांतही स्वर समान आहेत. चलन बदलले की राग बदलतो. स्केल स्वर सांगते, त्यांचे वागणे सांगत नाही.

आधुनिक पाश्चात्त्य वाद्यांत सप्तकाचे १२ समान भाग करतात. त्यामुळे कोणतीही स्केल कुठूनही वाजवता येते, पण त्यातला शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. पेटीही अशीच जुळवतात आणि तिच्यावरच्या आक्षेपांत हा एक होता. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटी बंद केली, ती बंदी पुढे सैल झाली. गंधारातल्या या फरकावर उपाय म्हणून काही वादक गंधार ट्यूनिंग करून घेतात. मग रीड एका षड्जाशी नेमके जुळतात आणि दुसऱ्या स्केलमध्ये तीच पेटी बेसूर वाटते.