अब्बांची अमानत

मरहूम अब्बांच्या मागे राहिलेल्या चीजवस्तूंत एक जुने रिव्हॉल्व्हर होते. बर्मिंगहॅमच्या वेब्ले अँड स्कॉट कंपनीचे, .३२ बोअरचे. लाकडाच्या धंद्यात मजुरांच्या पगाराची रोकड घेऊन रानावनातून फिरावे लागे, म्हणून त्यांना परवाना मिळाला होता. त्यांनी ते कुणावर रोखल्याचे आम्हा भावंडांना आठवत नाही. आठवते ती पावसाळ्यानंतरची साफसफाई.

जुनी लुंगी अंथरून अब्बा बसत. खटका दाबून नळी पुढे वाकवत, सहाही घरे रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहत आणि पुन्हा बोटाने चाचपत. मग नळीतून ब्रश, कोरडे फडके आणि शेवटी तेलाचा पातळ हात. तेल जास्त झाले की धूळ धरते, असे ते सांगत. चामड्याच्या म्यानात ते कधी ठेवत नसत. कोकणातला दमटपणा चामडे धरून ठेवते आणि लोखंडाला गंज चढतो. काळानिळा मुलामा घासून चकचकीत करायलाही त्यांची मनाई होती.

हत्याराइतकीच निगा ते कागदांची राखत. एका पत्र्याच्या डब्यात परवाना, नूतनीकरणाच्या नोंदी आणि निवडणुकांच्या वेळी ठाण्यात हत्यार जमा केल्याच्या पावत्या होत्या. या कागदांचे मूळ शोधू लागलो तर वाट १८५७ पर्यंत जाते. त्या उठावानंतर इंग्रजांनी मोठ्या प्रमाणावर हत्यारे काढून घेतली. पुढे लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ साली, दोन कायदे आले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घातले, दुसऱ्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरवले. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. वृत्तपत्रांचा कायदा रिपनने १८८२ मध्ये रद्द केला. हत्यारांचा कायदा राहिला. लेखणीपेक्षा बंदुकीची भीती जास्त टिकली, असेच म्हणावे लागेल.

लष्करी गोळ्या चालतील अशी हत्यारे प्रजेच्या हाती नकोत, हे धोरणही त्याच भीतीचे. म्हणूनच आपल्याकडे खाजगी परवान्यावर .३२ चे रिव्हॉल्व्हर रूढ झाले. १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क मानला होता. राज्यघटनेत तो आला नाही. १९५९ चा नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. परवान्याचे तत्त्व त्यातही कायम राहिले.

डब्यातली एक पावती डिसेंबर १९९२ ची आहे. तेव्हा निवडणूक नव्हती. आम्ही फार लहान होतो. अम्मीने नंतर सांगितले. कुणी विचारायच्या आत अब्बा स्वतः ठाण्यात गेले आणि हत्यार जमा करून आले. परवाना होता, गुन्हा काहीच नव्हता. तरी आपल्या घरात हत्यार आहे, याची त्यांना त्या दिवसांत धास्ती वाटली. काही महिन्यांनी ते परत मिळाले, तेव्हा नळीवर गंज होता. अब्बा काही बोलले नाहीत. संध्याकाळी तेल लावत बसले. तो डाग अजून दिसतो.

त्यांच्या इंतकालानंतर कायद्याप्रमाणे ते आम्हाला घरात ठेवता येईना. परवाना माणसाच्या नावाचा असतो. तो वारशाने आपोआप मिळत नाही. वारसाने रीतसर अर्ज करायचा आणि तोवर हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवायचे. आम्ही विक्रेत्याकडे ठेवले आणि पावती त्याच डब्यात घातली.

धाकटा भाऊ म्हणाला, "देऊन टाकू या सरकारला. कशाला ही चिंता?" त्याचे म्हणणे चूक नाही. तरी आम्ही अर्ज केला. गोळी झाडण्याची हौस आम्हाला नाही. गोळ्या घरात आणायच्याही नाहीत. पण अब्बांनी पावसाळ्यामागून पावसाळे ज्याची निगा राखली, ते आपल्याच भीतीपोटी टाकून द्यावे, हे मनाला पटत नाही. परवाना नाकारला गेला तर हत्यार जाईल, तेही रीतसर. पत्र्याचा डबा मात्र घरातच राहील. आमच्या घराचा इतिहास त्यात तारीखवार लिहिलेला आहे.