पोळी, टाळी आणि मतस्वातंत्र्य

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपल्याकडे व्यवहाराचा शहाणा सल्ला म्हणून रुळली आहे. पगार देणाऱ्याला चाकराचे श्रम मिळतात. पण त्यांबरोबर त्याचे मतही विकत मिळते काय, हा प्रश्न मराठी वैचारिक लेखनाच्या इतिहासात वारंवार उभा राहिला. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रे लिहिली, ती सरकारी नोकरीत असतानाच आणि ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने. स्वतःच्या नावाने अप्रिय मत मांडणाऱ्या नोकरदाराला काय किंमत मोजावी लागे, हे पुढील शतकात प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या चरित्रात दिसते.

महर्षी कर्वे यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२३ साली या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. मिशनरी चालकांना हा प्रचार मानवला नाही. त्यांनी राजीनामा देण्यास सांगितले आणि १९२५ साली कर्व्यांची नोकरी सुटली. चालकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. विशिष्ट धर्मश्रद्धेवर उभ्या असलेल्या संस्थेला आपल्या प्राध्यापकाचा असा प्रचार अडचणीचा वाटणे स्वाभाविक होते. तथापि वाद गणिताच्या अध्यापनाविषयी नव्हता, हेही तितकेच खरे.

१९२७ साली कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली निधन होईपर्यंत ते चालविले. त्यातील लेखनाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी शिक्षा दंडाची झालीच. येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. दंड झाला तो आरोप ठेवून, पुरावा घेऊन व वकिलाचे म्हणणे ऐकून. उपजीविका गेली, तेव्हा मात्र दाद मागावी असे न्यायासनच नव्हते; आणि दोहोंत मोठी शिक्षा तीच होती.

स्वातंत्र्यानंतर ही उणीव सावकाश व अर्धवटच भरून निघाली. साम्यवादी चळवळीशी संबंध असल्यावरून काढलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या बालकोटय्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. सरकारी नोकरीत राहण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, असा त्याचा आशय होता. १९६२ साली कामेश्वर प्रसाद खटल्यात त्याच न्यायालयाने, सरकारी नोकर झाल्याने नागरिक आपले मूलभूत हक्क गमावत नाही, असे ठरविले. पुढे मध्य प्रदेशातील शिक्षक रामशंकर रघुवंशी यांना पूर्वीच्या राजकीय संबंधांवरून सेवेतून दूर करण्यात आले, तेव्हा १९८३ साली न्यायालयाने शासनाची बाजू फेटाळली.

मूलभूत हक्कांची ही ढाल प्रामुख्याने राज्यसंस्थेपुढे धरता येते. खाजगी मालकापुढे तिचा उपयोग थोडा. तेथे कामगाराला आधार दिला तो औद्योगिक कायद्याने. ग्लॅक्सो कंपनीच्या खटल्यात, १९८३ सालीच, स्थायी आदेशांत कारखान्याच्या आवारापुरते सांगितलेले गैरवर्तन मालकाला बाहेरच्या वागणुकीपर्यंत ताणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. परंतु १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या दाव्यात त्याच न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ नव्हे, असा निर्णय दिला. म्हणजे कर्व्यांसारख्या अध्यापकाला त्या कायद्याचा आसरा तेव्हाही मिळाला नसता. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ साली वेगळा कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे.

मालकाच्या हिताला प्रत्यक्ष बाध आला, तर तो त्याने दाखवून द्यावा. केवळ मत रुचले नाही, हे कारण पुरेसे मानू नये, एवढाच बोध या इतिहासातून घेता येतो. महाराष्ट्राबाहेरील आपल्या ग्रंथालयांचा भार शिक्षकांनी, कारकुनांनी आणि दरबारच्या चाकरांनी मोठ्या प्रमाणावर वाहिला. दिवसभर दुसऱ्याचे काम करून संध्याकाळी ते येथे येत, ते स्वतःचे मत बनविण्यासाठी. ते मत उच्चारण्याची मुभा त्यांना नसेल, तर कपाटांतील ग्रंथ वाचले गेले तरी मुकेच राहतील.