नवगावची वाट

पूर्वजांचे गलबत अलिबागजवळच्या नवगावपाशी फुटले, अशी बेने इस्रायलांची परंपरा. हे शनवार तेली शनिवारी घाणा बंद ठेवीत. हिब्रू मात्र विसरले होते. ती शिकायला मराठीच कामी आली. वल्हांडणाची पोथी, हग्गादा, पुण्यात १८७४ साली छापली गेली ती हिब्रूशेजारी मराठी देऊन. पुढच्याच वर्षी हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत समाजाची शाळा काढली. पुढे तिला सर एली कदूरींचे नाव मिळाले.

१९४८ नंतर बहुतेक समाज इस्रायलला गेला. आता तिकडची नातवंडे नवगावचे स्मारक आणि अलिबागजवळच्याच खंडाळ्याच्या खडकावरील एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा पाहायला येतात. दगड दाखवणे सोपे! पण पणजोबांची पोथी उघडली, की हिब्रूची बाजू ती घडाघड वाचतात आणि मराठीच्या बाजूशी अडतात.