चारशे वर्षांची परिपत्रकं

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला परिपत्रक म्हणजे काय हे निराळं सांगावं लागत नाही. हेड ऑफिसकडून ते येतं, सह्यांसाठी टेबलाटेबलावरून फिरतं, फायलीला लागतं आणि दुसऱ्या दिवसापासून काउंटरवरचं काम जराशा आडवाटेने पुन्हा पहिल्यासारखं सुरू होतं. परिपत्रक काढणाऱ्याला वाटतं, आपण गोष्ट बंद केली. काउंटरवाल्याला ठाऊक असतं, आपण नुसती वाट बदलली. जपानच्या काबुकी नाटकाचा इतिहास मला परका वाटला नाही, तो यामुळे. चारशे वर्षं त्या नाटकावर वरून परिपत्रकं येत राहिली आणि दर परिपत्रकागणिक ते नाटक थोडं वाढतच गेलं.

हा इतिहास मी वाचला नाही, चाललो. आमचे मेहुणे तोक्योत निशिकासाईला राहतात. त्या भागात भारतीय इतके, की रस्त्यात मराठी ऐकू आलं तर कुणी वळून पाहत नाही. "दाजी, तुम्ही सांगलीचे, म्हणजे नाटकवाले," असं म्हणून त्यांनी काबुकीची ओळख करून देणाऱ्या एका पायी सहलीत माझं आणि सौभाग्यवतींचं नाव घालून टाकलं. सांगलीच्या माणसाला नाटक आणि हळद यांतलं सगळं कळतं, अशी बाहेर समजूत आहे. आपण ती मोडू नये.

सहल नेणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, हातात एक चिमुकलं निशाण, आणि चालण्याचा वेग असा की तरुणांनी लाजावं. त्यांनी आम्हाला पहिल्यांदा क्योबाशीला एका दगडासमोर उभं केलं. एदो म्हणजे जुन्या तोक्योतल्या काबुकीचा जन्म इथला, असं त्या दगडावर कोरलेलं आहे. पण बाई म्हणाल्या, जन्म इथला असला तरी आई क्योतोची. तिचं नाव ओकुनी. १६०३ साली या बाईने क्योतोत पुरुषी वेष चढवून, कमरेला तलवार लावून नाच केला आणि गाव वेडं झालं. 'काबुकु' म्हणजे कलणं, तिरकं चालणं. काबुकी म्हणजे सरळ चालत नाही ते. आज हा शब्द गाणं, नाच आणि कौशल्य अशा तीन प्रतिष्ठित अक्षरांनी लिहितात. मोठा झाल्यावर माणूस बारशाचं नाव बदलून घेतो, तसलाच प्रकार.

ओकुनीच्या मागोमाग बायकांचे ताफेच्या ताफे निघाले. नाच पाहता पाहता प्रेक्षक मारामाऱ्या करू लागले आणि नाचानंतरचे व्यवहारही फार वाढले. सरकारने १६२९ साली परिपत्रक काढलं : रंगभूमीवर बायका बंद. लगेच कोवळ्या मुलांचे ताफे उभे राहिले. मारामाऱ्या चालूच. १६५२ साली मुलंही बंद. मग उरले बाप्ये. त्यांना परवानगी मिळाली ती दोन अटींवर. कपाळावरची झुलपं भादरायची, म्हणजे कुणी मोहात पडायला नको. आणि नुसतं नाचायचं नाही, रीतसर कथानक असलेलं नाटक करायचं.

झालं! आता भादरलेल्या टाळूवर प्रेक्षक कशाला भाळेल? म्हणून नट अभिनय शिकले. टाळूवर त्यांनी जांभळ्या कापडाचा तुकडा बांधला आणि तोही लोकांना मोहक वाटू लागला. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांची, म्हणजे ओन्नागाता मंडळींची, एक स्वतंत्र कलाच उभी राहिली. किचिया नावाच्या नटाने ओबीची जशी गाठ मारली तशीच गाठ शहरातल्या बायका मारू लागल्या. आपल्याकडे बालगंधर्वांचं लुगडं पाहून घरोघरच्या बायका नेसायला शिकल्या असं जुने लोक सांगतात, तोच हा मामला. सरकारला करमणुकीचा चावटपणा काढायचा होता. तो काढता काढता हाती नाटक आलं.

क्योबाशीच्या दगडाशी ज्याचं नाव जोडलंय त्या सारुवाका कान्झाबुरोने १६२४ साली इथं नाटकगृह काढलं. आठच वर्षांत त्याला हलायला सांगितलं. कारण? त्याचा नगारा शोगुनच्या किल्ल्यावर ऐकू जाई आणि पहारेकऱ्यांचा गोंधळ होई. नाटकाच्या नगाऱ्याने पहारा बदलला तर राज्य कसं चालायचं?

नाटकगृह गेलं त्या वाटेने आम्हीही गेलो, निंग्योचोला. निंग्यो म्हणजे बाहुली. बाहुल्यांचे खेळ आणि बाहुल्या घडवणारे यांची ही पेठ. इथं दोन मोठी नाटकगृहं शेजारी शेजारी उभी होती, नाकामुरा-झा आणि इचिमुरा-झा. आज तिथे कचेऱ्या आहेत. बाई रिकाम्या हवेत हात करून सांगायच्या, "इथे दार, दारावर यागुरा." यागुरा म्हणजे लाकडी चौकटीचा छोटा बुरूज, भोवती घराण्याचं चिन्ह असलेलं कापड. तो दिसला की समजावं, या नाटकगृहाला सरकारी परवाना आहे.

खेळ उजाडता सुरू व्हायचा तो मावळेपर्यंत. त्यामुळे नाटक पाहणं म्हणजे दिवसभर जेवणंही आलंच. दोन अंकांच्या मधे खायचा भाताचा डबा तो माकुनोउची. आज जपानभर रेल्वे स्टेशनांवर तो मिळतो आणि घेणाऱ्याला पडद्याची आठवणही होत नाही. भाषेतही काबुकी अशीच झिरपली आहे. नटांच्या पाट्यांत दुसरी पाटी देखण्या नायकाची, तिसरी विनोदी नटाची. म्हणून आजही देखण्या पुरुषाला 'दुसरी पाटी' म्हणतात. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहून, "तिसरी," एवढंच म्हटलं.

मी वाणिज्य शाखेचा, त्यामुळे माझं लक्ष जमाखर्चाकडे. बड्या नटाला 'हजार र्‍योचा नट' म्हणत. र्‍यो म्हणजे सोन्याचं नाणं आणि करार वर्षाचा. इतके पगार, वर दर थोड्या वर्षांनी आग, कारण इमारती लाकडाच्या. कर्ज डोक्यावर बसे आणि नाटकगृह बुडे. त्यावर तोड निघाली ती पाहून मी मनोमन टोपी काढली. मुख्य परवानेवाला बुडाला की त्याच्याऐवजी राखीव परवानेवाल्याने त्याच शहरात खेळ लावायचे. १७९४ साली तर तिन्ही मुख्य नाटकगृहं बसलेली आणि तिन्ही जागी राखीवच चालू. त्याच साली शाराकु नावाच्या चित्रकाराने या राखीव मंडळींतल्या नटांची चित्रं काढली. जेमतेम दहा महिने त्याचं काम दिसतं, मग तो नाहीसाच झाला. आज त्या चित्रांपुढे मोठमोठ्या संग्रहालयांत लोक श्वास रोखून उभे राहतात. बुडीत खात्यातून इतकी वसुली झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकण्यात नाही.

आता मुळात हे चालवत कोण होतं, ते पाहा. त्या काळच्या उतरंडीत वर सामुराई, मग शेतकरी, मग कारागीर आणि तळाला व्यापारी. नट या उतरंडीतच नाही. त्याला 'नदीकाठचा भिकारी' म्हणायचे. व्यापाऱ्याकडे पैसा होता पण पत नव्हती, नटाकडे टाळ्या होत्या पण पत नव्हती. दोघांची गाठ या घरात पडली. सामुराईने इथं यायचं नाही. पण तोही तोंड झाकून यायचाच. सामुराईंच्या ताज्या भानगडी रंगभूमीवर आणायच्या नाहीत, असंही एक फर्मान होतं. १७०३ साली सत्तेचाळीस सामुराईंनी धन्याचा सूड घेतला आणि त्यांना पोटं फाडून घ्यायची शिक्षा झाली. लोकांना ते नाटक हवंच होतं. मग १७४८ साली 'चुशिंगुरा' आलं, कथा चौदाव्या शतकातली! खऱ्या पुढाऱ्याचं नाव ओइशी कुरानोसुके, नाटकातल्याचं ओबोशी युरानोसुके. कायद्याला तारीख वेगळी दिसली आणि प्रेक्षकाला माणूस तोच दिसला.

पण प्रत्येक परिपत्रक असं हसण्यावारी गेलं नाही, हे बाईंनी चालता चालता सांगितलं आणि त्यांचा आवाज उतरला. १७१४ साली शोगुनच्या आईच्या पदरची एजिमा नावाची मानकरीण देवदर्शनाला म्हणून निघाली, परतताना यामामुरा-झा नाटकगृहात शिरली, इकुशिमा नावाच्या नटाबरोबर मेजवानी रंगली आणि किल्ल्याच्या दाराशी पोहोचायला उशीर झाला. एवढ्या उशिरापायी ती डोंगरांत ताकातोला कायमची धाडली गेली. नट मियाके बेटावर काळ्या पाण्यावर, तिचा भाऊ प्राणाला मुकला आणि ते नाटकगृह कायमचं पुसलं गेलं. चार परवाने होते, तीन उरले. आमच्यातलं कुणीच थोडा वेळ बोललं नाही.

निंग्योचोहून भुयारी रेल्वेने आम्ही आसाकुसाला गेलो. १८४१ साली नाटकगृहं जळाली आणि मिझुनो तादाकुनी या मंत्र्याला ही ब्याद कायमची घालवायची संधी दिसली. तोयामा कागेमोतो नावाच्या नगर-न्यायाधीशाने विरोध केला म्हणून निदान बंदी टळली. तिन्ही नाटकगृहं १८४२ साली तेव्हाच्या गावकुसाबाहेर, आसाकुसाला हाकलली. सातवा दांजुरो हा सगळ्यांत मोठा नट. ऐषआराम केला म्हणून तो शहराबाहेर. पण आसाकुसाला सेन्सोजीचं देऊळ आहे आणि देवळाला तोटा नसतो तो गर्दीचा. तिन्ही नाटकगृहं एका ओळीत, देवदर्शन आणि नाटक एका खेपेत! धंदा दुप्पट चालला. पुढच्याच वर्षी, १८४३ साली, मंत्र्याची खुर्ची गेली. त्याच १८४३ मध्ये आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर उभं केलं. हे मी बाईंना छाती फुगवून सांगितलं. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. आणि तो न्यायाधीश? नाटकवाल्यांनी त्यालाच नाटकांचा नायक करून टाकला. सरकारी नोकराला याहून मोठी बढती नाही.

शेवटचा मुक्काम गिंझातला काबुकी-झा. १८८७ साली खुद्द सम्राटांनी काबुकी पाहिली आणि नदीकाठच्या भिकाऱ्यांना अखेर पत आली. १८८९ साली हे नाटकगृह झालं. १९२१ साली जळालं, बांधता बांधता १९२३ च्या भूकंपात पुन्हा, १९४५ च्या बाँबवर्षावात पुन्हा. युद्धानंतर अमेरिकनांनीही एक परिपत्रक काढून चुशिंगुरासारखी नाटकं सरंजामी म्हणून थांबवली. १९४७ च्या नोव्हेंबरात चुशिंगुरा परत रंगमंचावर. १९५१ साली नाटकगृह पुन्हा उघडलं आणि आजची इमारत, पाचवी, २०१३ सालची. मागे एकोणतीस मजली मनोरा आहे, त्यात कचेऱ्या आहेत. म्हणजे नाटकाला आधार शेवटी कारकुनांचाच.

आम्ही एकाच अंकाचं तिकीट काढलं. ते स्वस्त मिळतं आणि बसवतात चौथ्या मजल्यावर, पार मागे. तिथून नट बोटाएवढे दिसतात. काळे कपडे घातलेले मदतनीस येऊन नटांचे झगे सावरत होते, सामान उचलत होते. ते दिसत नाहीत असं सगळ्यांनी धरायचं असतं. मला ते मात्र फार स्पष्ट दिसत होते. वीस वर्षांची सवय.

इतक्यात नायक एका पवित्र्यात थिजला, डोळे तिरळे केले, आणि माझ्या शेजारचा साधा कोट घातलेला म्हातारा त्या नेमक्या क्षणी मोठ्याने ओरडला. सगळं नाटकगृह शहारलं. "अहो, काय म्हणाले हे?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"नटाच्या घराण्याचं नाव. दाद आहे ती. बाई म्हणाल्या होत्या ना, खरे जाणकार मागेच बसतात."

"आणि त्यांचं तिकीट?"

"आपल्याएवढंच."

मग त्या सरसावून बसल्या आणि उरलेला सगळा अंक त्यांनी रंगमंचापेक्षा त्या म्हाताऱ्याकडेच पाहिला, पुन्हा केव्हा ओरडतो म्हणून.