फटफटीचा चुकलेला ठोका

मोटारसायकल कोणत्याही घराण्याची असो, मराठीत ती फटफटीच. दिल्लीस बदलून आलेल्या मराठी माणसाला मात्र हा शब्द पूर्वी चांगलाच चकवीत असे. कॅनॉट प्लेसला कोणी ‘फटफटी पकडा’ म्हटले, की पुढे मोटारसायकल व मागे बाकडी अशा तीनचाकी वाहनात दाटीवाटीने बसावे आणि चांदणी चौकात उतरावे, असा त्याचा अर्थ होई. १९९८ साली प्रदूषणाच्या कारणाने ही वाहने रस्त्यावरून गेली. ‘फटफट सेवा’ हे नाव त्यांच्या जागी आलेल्या चारचाकी गाड्यांना चिकटून राहिले.

मंडी हाउसपासून इंडिया गेटकडे जाणारा कोपर्निकस मार्ग आम्हां मराठी मंडळींना परिचित आहे तो जुन्या महाराष्ट्र सदनामुळे. याच मार्गावरील प्रिन्सेस पार्कच्या बराकी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. त्या युद्धाने राजधानीला जशा बराकी दिल्या, तशा फटफट्याही दिल्या. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने अमेरिकी सैन्यासाठी ‘डब्ल्यूएलए’ नावाची मोटारसायकल हजारोंनी बांधली. युद्ध संपल्यावर त्यांतील काही येथेच विकल्या गेल्या. १९४७ नंतर पंजाबातून निर्वासित होऊन आलेल्या अनेक शीख बांधवांनी त्यांना मागे गाडा जोडला आणि त्यावर नवा संसार उभारला. एका स्वाराकरिता बांधलेले यंत्र आता कुटुंब पोसू लागले; त्याचे आजारपण म्हणजे घरातील चूल थंड होणे.

या एंजिनाची प्रकृती मोठी चमत्कारिक. सुमारे ७४० घन सेंटिमीटरचे, ४५ अंशांच्या कोनात बसविलेल्या दोन सिलिंडरांचे हे एंजिन. दोन्ही पिस्टनांचे दांडे क्रँकच्या एकाच खुंटीवर बसविलेले असल्यामुळे स्फोटांमधील अंतर एकदा ३१५ अंशांचे, तर एकदा ४०५ अंशांचे पडते. म्हणजे लंगडता ठोका हेच याच्या निरोगीपणाचे लक्षण! ज्याच्या कानाला हा निरोगी लंगडेपणा ओळखता येत नाही, त्याने रोगाचे निदान करू नये.

खरा ठोका चुकू लागला, तर पुढची चौकशी क्रमाने करावी लागते. ठिणगी, इंधन आणि दाब या तिघांपैकी गैरहजर कोण, हा पहिला प्रश्न. येथे रचनेचीच मदत होते. या एंजिनात एकच कॉइल दोन्ही प्लगांना एकाच वेळी ठिणगी पुरविते. दोन्ही सिलिंडर अडखळत असतील, तर दोष सामाईक जागी, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल वा कार्ब्युरेटर यांत शोधावा. एकच अडखळत असेल, तर त्याचा प्लग, त्याची तार आणि त्याचे व्हॉल्व्ह पाहावेत. कोणता, हे सांगायला हात पुरतो; जो सिलिंडर काम करीत नाही, त्याची धूरनळी थंड राहते. प्लग काढल्यास तोही साक्ष देतो. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल अधिक, पांढुरकी छटा असेल तर हवा अधिक, आणि तेलकट ओल असेल तर बहुधा रिंगा झिजलेल्या. पॉइंटांची तोंडे जळालेली दिसली, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. काही मैल नीट धावून गाडी थांबते व टाकीचे झाकण उघडताच पुन्हा चालते, तेव्हा बिचारे एंजिन निर्दोष असते. झाकणाचे हवेचे छिद्र तेवढे बुजलेले असते.

या जातीचा एक खास आजार म्हणजे कार्ब्युरेटरपासून दोन सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळीच्या सांध्यांतून शिरणारी चोरटी हवा. हादऱ्यांनी सांधे सैल होतात आणि कार्ब्युरेटरचे स्क्रू कितीही फिरविले तरी एंजिन मंद गतीवर स्थिर राहत नाही. अशा वेळी चालू एंजिनाच्या सांध्यावर तेलाचे दोन थेंब सोडावेत. ठोका बदलला की चोर सापडला.

फाळणीत सर्वस्व गमावलेल्या माणसांना एकेक सुटा भाग पारखूनच बदलावा लागे, कारण मूळ भाग सातासमुद्रांपलीकडे तयार होत. पुढे अनेकांनी मूळ एंजिने काढून डिझेल एंजिने बसविली. तरीही लढाईसाठी केलेल्या यंत्रापासून निघालेली ही वाहने शतकाच्या अखेरीपर्यंत धावली, ती प्रामुख्याने या चौकशीच्या शिस्तीवर.

आज जुन्या मोटारसायकली हौसेने जपल्या जातात. करोल बागेत आणि कश्मीरी गेटला पैसे टाकले की कितीतरी भाग मिळतात. भाग मिळू लागले, तशी कारण शोधण्याची निकड संपली. प्लग गेला, कॉइल गेली, कार्ब्युरेटर गेला, आणि सैल सांधा मात्र जागच्या जागी! आम्हां कारकुनांना हा प्रकार अपरिचित नाही. कारण न शोधता पुढच्या टेबलावर सरकविलेली फाइल अशीच वर्षानुवर्षे फिरत राहते. यंत्रे संग्रहालयात ठेवता येतात. त्यांचा ठोका ऐकणारा कान मात्र एका माणसाने दुसऱ्याला शेजारी बसवूनच द्यावा लागतो. फटफटीवाल्यांच्या पिढीतील जे मिस्त्री अद्याप हयात असतील, त्यांच्या शेजारी आज कोणी बसले नाही, तर उद्या फटफटी उरेल आणि तिचे बोलणे समजणारा उरणार नाही.