नवे चिटणीस

नागपुरास महालांतून जातांना चिटणीस पार्कचें नांव रोज हजारों माणसें उच्चारतात. परंतु चिटणीस म्हणजे काय काम करणारा मनुष्य, याचा विचार त्यांतील फारच थोड्यांच्या मनांत येत असेल. मराठ्यांच्या दरबारांत चिटणीस हा ना तलवार गाजविणारा, ना खजिन्याच्या किल्ल्या सांभाळणारा. पत्रें लिहावीं, आलेलीं वाचून दाखवावीं, रुसलेल्या सरदारास कोणत्या शब्दांनीं आळवावें तें ठरवावें, आणि दहा ठिकाणीं विखुरलेलीं माणसें एका कामांत गुंतलेलीं ठेवावीं, हा त्याचा उद्योग. दरबार गेले, आणि हा शब्द सभा-संस्थांच्या कार्यकारी मंडळांत जाऊन बसला. आम्हांस त्याची आठवण झाली ती एका अगदीं नव्या धंद्यास मराठी नांव शोधतांना. इंग्रजींत त्यास 'कम्युनिटी मॅनेजर' म्हणतात. 'समाज-व्यवस्थापक' असें शब्दशः भाषांतर करावें, तर मंगलकार्यालयांत पंगती मोजणारा गृहस्थ डोळ्यांपुढें उभा राहतो. चिटणीस हाच शब्द त्यास शोभेल असें आम्हांस वाटतें.

हा धंदा उत्पन्न झाला तो 'ओपन सोर्स' नांवाच्या चळवळींतून. संगणक ज्या आज्ञांवर चालतो त्यांची मूळ संहिता सर्वांस उघडी ठेवावी, कोणीहि ती वाचावी, सुधारावी, पुन्हां दुसऱ्यास द्यावी, हें तिचें सूत्र. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं अशा मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लायनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा लोकांपुढें ठेविला. 'ओपन सोर्स' हें नांव मात्र १९९८ मधलें. या कामास हातभार लावणारे बहुतेक लोक एकमेकांस कधीं भेटलेले नसतात, आणि त्यांपैकीं पुष्कळांस कोणी पगार देत नाहीं. त्यांस हुकूम करतां येत नाहीं. ज्यास आज्ञेचा अधिकार नाहीं, परंतु काम पार पाडण्याची जबाबदारी आहे, असा कारभारी या मंडळींस लागूं लागला.

विद्या दिल्यानें वाढते हें आपण लहानपणापासून घोकीत आलों आहों. आपला व्यवहार मात्र नेहमीं तसा नव्हता. गवयांच्या घराण्यांत एखादी अस्सल चीज जावयास आंदणाप्रमाणें द्यावी, पण शागिर्दास शिकवूं नये, असा काळ फार दूरचा नव्हे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं वकिली करीत असतांना आणि पुढें ती सोडून गांवोगांव हिंडून हीं कुलुपें उघडलीं, बंदिशी स्वरलिपींत उतरविल्या, आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत मराठी वाचकांस स्वाधीन केल्या. १९१६ सालीं बडोद्यास त्यांच्या प्रयत्नानें अखिल भारतीय संगीत परिषद भरली. छापलेल्या बंदिशींत घराण्याचा जीव उरत नाहीं, ही त्यांच्यावरील टीका सर्वस्वीं खोटी नव्हती. तथापि ज्या चिजा त्यांनीं छापल्या त्या आज कोणाच्याहि मेहेरबानीवर अवलंबून नाहींत. संहिता गुप्त ठेवण्यांत धंद्याचें रक्षण आहे असें मानणाऱ्या संगणक-कंपन्यांत आणि जुन्या उस्तादांत आम्हांस तरी जातीचा भेद दिसत नाहीं.

हिंदुस्थानांत या चळवळीचें चिटणीसपण ज्यांनीं केलें, त्यांचें आडनांवहि चिटणीसच असावें हा योगायोग मौजेचा खरा. अतुल चिटणीस यांचा जन्म २० फेब्रुवारी १९६२ रोजीं बर्लिनमध्यें झाला. शिक्षण बेळगांवास, आणि कर्मभूमि बंगलोर. इंटरनेट आपल्याकडे सर्वसामान्यांस मिळण्यापूर्वींच, टेलिफोनच्या तारेवरून निरोप ठेवण्याची 'बुलेटिन बोर्ड' नांवाची सोय त्यांनीं चालविली होती. पुढें 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सच्या तबकड्या वाचकांच्या घरीं पोंचूं लागल्या, त्यांतहि त्यांचा मोठा हात होता. टेलिफोनवरून एवढा मजकूर उतरवून घेणें ज्या काळीं जवळजवळ अशक्य होतें, त्या काळीं लहान शहरांतील मुलांस या तबकड्यांचें किती अप्रूप वाटलें असेल हें सांगावयास नको. २००१ सालीं त्यांनीं 'लिनक्स बंगलोर' ही परिषद सुरू केली. २००५ पासून तिचें नांव 'फॉस डॉट इन' झालें. हीं सर्व कामें स्वयंसेवकांच्या बळावर चालत. हातीं गिटार घेऊन गाण्याची हौसहि त्यांस होती. बोलणें रोखठोक, प्रसंगीं कडक. त्यामुळें दुखावलेलेहि थोडे नव्हते. आपण फुकट मिळालेलें नुसतें वापरतों, परत कांहीं देत नाहीं, हा हिंदी लोकांवरील आक्षेप त्यांस झोंबे, आणि पुढें पुढें परिषदेचा सारा रोंख नुसतें ऐकणारांपेक्षां हातानें काम करणारांकडे वळला. ३ जून १९१३ नव्हे, २०१३ हें त्यांच्या मृत्यूचें साल आहे याकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. इतक्या अलीकडची ही गोष्ट असून आमच्या मराठी नियतकालिकांतून तिचा उल्लेख विरळाच आढळतो.

चिटणीस आणि वादक हीं दोन्हीं सोंगें एकाच अंगावर पुरेपूर वागविणारा दुसरा गृहस्थ इंग्लंडांतील. जोनो बेकन यांची वस्ती वुल्व्हरहॅम्प्टन या कारखान्यांच्या गांवीं होती. तेथून जवळच्याच बर्मिंगहॅममध्यें हेवी मेटल या गडगडाटी संगीताचा जन्म झाला. त्या जन्माची कथा सांगण्यासारखी आहे. टोनी आयोमी नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यांत कामाला होता. नोकरीच्या अखेरच्या दिवशीं यंत्रांत सांपडून उजव्या हाताच्या दोन बोटांचीं अग्रें तुटलीं. आणि तो डावखुरा असल्यामुळें गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्यानें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठीं टोपणें केलीं, हलक्या तारा बसविल्या, पुढें त्या सैल करून स्वर खालीं उतरविला. ब्लॅक सॅबथ या त्याच्या मेळ्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० सालीं निघाली, आणि तो जड, खालचा, घणासारखा नाद जगभर पसरला. मिळालेलें हत्यार आपल्या हातास बसत नसेल तर तें उघडून बदलावें, ही वृत्ति आणि संहिता उघडून दुरुस्त करणाऱ्याची वृत्ति, या दोहोंत आम्हांस सख्खें नातें दिसतें.

बेकन यांनीं २००४ पासून मित्रांसह 'लगरेडिओ' नांवाचा श्राव्य कार्यक्रम इंटरनेटवरून चालविला, आणि २००६ सालीं ते उबुंटु या लिनक्स-प्रणालीचे चिटणीस झाले. उबुंटु दर सहा महिन्यांनीं, एप्रिलांत आणि ऑक्टोबरांत, नवें रूप घेते; त्यामुळें अशा चिटणीसाचें वर्ष आपल्याकडील खरीप-रब्बीप्रमाणें दोन हंगामांचें असतें. सकाळीं उठावें तों पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाच्या मंडळींनीं रात्रभर घातलेल्या वादाचीं पत्रें येऊन पडलेलीं. एकानें दुसऱ्याच्या कामास केराची टोपली दाखविली. तिसऱ्यानें दोन वर्षें भाषांतर केलें पण त्याचें नांव कोणीं घेतलें नाहीं. चौथा रागावून निघून चालला आहे. कोणास खाजगी समजुतीचें पत्र, कोणास चारचौघांत आभार, कोणास शिष्टाचाराच्या नियमांची आठवण. त्यांत बैठकी, त्यांत प्रवास. रात्रीं उरलेल्या वेळांत गिटार. या अनुभवावरून त्यांनीं 'द आर्ट ऑफ कम्युनिटी' हें पुस्तक २००९ सालीं लिहिलें, आणि तें इंटरनेटवर विनामूल्य वाचावयासहि ठेविलें.

परंतु या आसनास कांटे आहेत. चिटणीसाचा पगार कंपनी देते, आणि त्याची पत स्वयंसेवकांच्या विश्वासावर चालते. २०१२ च्या ऑक्टोबरांतील उबुंटूंत, मनुष्यानें आपल्याच संगणकांत कांहीं शोधलें तरी तो शब्द बाहेर जाऊन ॲमेझॉनच्या दुकानांतील माल समोर येऊं लागला. स्टॉलमन यांनीं या प्रकारास हेरगिरी म्हटलें. बेकन यांनीं उत्तरांत त्यांस पोरकट ठरविलें, आणि पुढें त्या शब्दाबद्दल जाहीर माफी मागितली. माफी शब्दाची होती, योजनेची नव्हे. योजना चालूच राहिली. २०१६ सालच्या आवृत्तींत ती आपोआप चालू राहणें बंद झालें. येथें कोणाची बाजू घ्यावी? खाजगीपणाच्या मुद्द्यावर आम्ही स्टॉलमन यांच्या बाजूचे आहों. मात्र धन्याचें मीठ आणि मंडळींचा विश्वास यांच्या कात्रींत सांपडलेल्या माणसाकडे पाहून, पेशवाईंतील कित्येक चिटणीसांची आठवण आम्हांस झाली.

फुकट श्रमांचा दुसरा प्रश्न याहून बिकट. २०१४ च्या एप्रिलांत 'हार्टब्लीड' नांवाचें भगदाड उघडकीस आलें. जगांतील असंख्य संकेतस्थळांची गुप्तता ज्या ओपनएसएसएलवर विसंबून होती, तें सांभाळणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, असें तेव्हां सर्वांस कळलें. श्रीमंत कंपन्यांनीं त्यावर पैसे मिळविले होते. त्याच्या डागडुजीसाठीं मात्र त्यांची थैली भगदाड पडल्यावरच सुटली. गांवच्या विहिरीचें पाणी सर्वांनीं भरावें आणि गाळ काढावयास दोघांनींच उतरावें, असा हा प्रकार.

बेकन यांनीं संगीतांतहि उघडेपणाचा प्रयोग केला. २००८ सालीं 'सेव्हर्ड फिफ्थ' या नांवानें त्यांनीं मेटलच्या रचना कोणीहि नक्कल करून वांटाव्या अशा परवान्यानें प्रसिद्ध केल्या. पहिल्या मुद्रिकेचें गायन-वादन त्यांनीं स्वतःच केलें. या प्रयोगामागें चूल मात्र पगारावर पेटत होती, हें विसरून चालणार नाहीं. मुंबईकडील मेटल-वादकांची स्थितिहि पोटापुरती निराळी नाहीं. तेथें रॉक मशीन हा मेळा १९८४ सालीं निघाला, 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव १९८६ सालीं सुरू झाला, आणि २००० सालीं डेमॉनिक रेझरेक्शन, २००३ सालीं 'भयानक मौत' असे मेळे उभे राहिले. हीं नांवें ऐकून आमच्या वाचकांपैकीं वडीलधारीं मंडळी कानांवर हात ठेवतील. त्यांस आमची विनंति एवढीच कीं, १८८१ पासून काळी आणि १८८५ पासून पिवळी मारबत ज्या शहरांत ढोलताशांच्या कल्लोळांत निघते, आणि गांवची सारी इडापिडा आरडाओरडा करूनच वेशीबाहेर घालविली जाते, त्या शहरानें तरी मोठ्या आवाजास नुसत्या आवाजासाठीं नांवें ठेवूं नयेत. काव्यांत रौद्र आणि बीभत्स हे रस आपल्याच शास्त्रकारांनीं मान्य केले आहेत.

मराठीपुरतें पाहिलें तर या चळवळीचें देणें आपल्या रोजच्या डोळ्यांपुढें आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं, महाराष्ट्रदिनीं सुरू झाला. तो बिनपगारी हातांनींच वाढला आहे. लिनक्सवर देवनागरी नीट उमटावी म्हणून पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनें घडविलेले 'लोहित' टंक रेड हॅट कंपनीनें २००४ सालीं मुक्त केले, आणि पुढें २०११ सालीं टंकांसाठींच रचलेल्या अधिक मोकळ्या परवान्याखालीं आणले. जोडाक्षर कोठें मोडतें, रफार कोठें सरकतो, हें पाहून कळविणारा मनुष्य त्यांसहि लागतोच. आणि असें कळविणारांस उत्तर देणारा चिटणीसहि.