जेसीबी नावाआधीचा जेसीबी : लहान शेडमध्ये जन्मलेल्या जोडअवजारांचा इतिहास

निवडणुकीचा निकाल लागतो, चौकात एक पिवळे यंत्र येऊन उभे राहते आणि त्याच्या उंचावलेल्या बकेटमधून विजयी उमेदवारावर गुलालाची उधळण होते. महाराष्ट्रात हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे की, त्या यंत्राचे नाव विचारल्यास 'जेसीबी' याखेरीज दुसरा शब्द बहुतेकांना सुचणार नाही. वस्तुतः ही तीन अक्षरे म्हणजे जोसेफ सिरिल बॅम्फर्ड या इंग्रज गृहस्थांच्या नावाची आद्याक्षरे. यंत्राचे नाव वेगळेच आहे : बॅकहो लोडर. पुढे माती भरणारा लोडर, मागे खणणारा बॅकहो.

'हो' म्हणजे खोरे. हे खोरे माती पुढे ढकलत नाही, यंत्राकडे मागे ओढते. म्हणून ते बॅकहो. ते यंत्राच्या पाठीमागे बसवलेले असते म्हणून हे नाव पडले, असा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे.

पण नावापेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळीच. बॅकहो हे जन्माने स्वतंत्र यंत्र नव्हतेच. शेतीच्या ट्रॅक्टरला मागून जोडायचे ते एक अवजार होते. त्याच्या जन्मकथेत बलाढ्य कारखाने फार उशिरा येतात. आधी येतात ती लहान शेडे, जुने पोलाद आणि वेल्डिंगचा संच. आज परदेशात कोणी हौशी कारागीर घरच्या गॅरेजात लहानशा ओढत्या बॅकहोसाठी स्वतः बकेट घडवत असेल, तर तो या इतिहासाच्या मुख्य प्रवाहातच उभा आहे.

यांत्रिक खोदकामाचा आरंभ वाफेपासून झाला. अमेरिकेतील विल्यम ओटिस या तरुण अभियंत्याला १८३९ मध्ये वाफेच्या फावड्याचे पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर सुमारे शतकभर खोदयंत्रे प्रचंडच राहिली, आणि त्याला कारण होते. ती साखळ्यांवर आणि तारदोरांवर चालत. दोर ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून फावडे जमिनीत रुतवायचे तर त्याच्या मागे वजन हवे, आणि वजन म्हणजे मोठे यंत्र. विहिरीजवळचा चर किंवा घराच्या पायाचा खड्डा खणायला असे धूड कोण आणणार? तिथे कुदळ-फावडेच चालत राहिले.

हे कोडे तेलाने सोडवले. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगून ठेवले होते, आणि जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचे पेटंट घेतले होते. या तत्त्वाची ताकद साध्या गुणाकाराने कळते. ७५ मिलिमीटर आतील व्यासाच्या सिलिंडरातील दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर भरते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो असेल, तर तो दट्ट्या साडेसहा टनांहून अधिक जोराने ढकलतो. मनगटाएवढ्या जाडीची नळी आणि साडेसहा टन! शिवाय तेल दुसऱ्या बाजूने सोडले की तोच दट्ट्या उलट ओढतोही. खोदयंत्र लहान होण्याचा मार्ग इथे मोकळा झाला.

हे तेल शेतात आणण्याचे मोठे श्रेय आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनकडे जाते. त्यापूर्वी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढला जाई. तो खडकात अडकला की ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलले जाई आणि प्रसंगी अख्खा ट्रॅक्टर चालकावर उलटे. फर्ग्युसनने तीन बिंदूंवर धरणारी, तेलाच्या दाबाने उचलणारी जोडणी सिद्ध केली. १९३८ मध्ये त्याने हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला आणि १९३९ मध्ये ही जोडणी असलेला फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर बाजारात आला. पुढे फोर्ड कंपनीने ही भागीदारी मोडली, १९४७ मध्ये '८ एन' हा स्वतःचा ट्रॅक्टर काढला, प्रकरण न्यायालयात गेले आणि १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरवर मिटले. भांडण मिटले त्याआधीच जोडणी घरोघरी पोहोचली होती. तिचा खरा परिणाम असा की, ट्रॅक्टर कुणाचाही असो, मागचे अवजार दुसरा कोणीही बनवू शकत होता. त्याला फक्त तीन छिद्रांची मापे ठाऊक असणे पुरेसे होते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात व्हाइनो होलोपाइनेन आणि रॉय हँडी या दोघांनी नेमके हेच केले. १९४७ मध्ये त्यांच्या 'वेन-रॉय' कंपनीने ट्रॅक्टरच्या मागे बसणारा, पूर्णतः तेलाच्या दाबावर चालणारा बॅकहो तयार करून तपासला. १९४८ च्या एप्रिलमध्ये असा पहिला बॅकहो कनेक्टिकट राज्यातील एका वीज कंपनीला ७०५ डॉलरना विकला गेला. तो बसवला होता फोर्डच्या त्याच '८ एन' ट्रॅक्टरवर. जगभर ज्याला दुसऱ्याच माणसाच्या नावाने ओळखले जाते, त्या अवजाराची ही पहिली विक्री.

आता तो दुसरा माणूस. बॅम्फर्ड यांचा जन्म १९१६ मध्ये इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यातील युटॉक्सेटर गावी झाला. घराण्याचा शेतीअवजारांचा जुना, नावाजलेला कारखाना होता. महायुद्धातून परतल्यावर मात्र त्या कारखान्यात त्यांचे बस्तान बसले नाही आणि त्यांनी घरच्या धंद्याकडे पाठ फिरवली. २३ ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांनी गावातच १२ फूट बाय १५ फुटांचे एक गॅरेज भाड्याने घेऊन स्वतःचे काम सुरू केले. त्याच दिवशी त्यांना मुलगा झाला. जवळ होता एक जुना वेल्डिंगचा संच, आणि माल म्हणून युद्धानंतर कवडीमोलाने विकले जाणारे लष्करी भंगार. हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी उभारलेल्या आसऱ्यांचे पत्रे आणि जीपचे आस जोडून त्यांनी मागे कलणारी एक शेतगाडी, म्हणजे आपल्याकडच्या ट्रॉलीची चुलतबहीण, उभी केली. ती गावच्या बाजारात ४५ पौंडांना गेली. गिऱ्हाइकाने मोबदल्यात आपली जुनी गाडीही दिली. बॅम्फर्ड यांनी ती दुरुस्त करून पुन्हा ४५ पौंडांनाच विकली.

१९४८ मध्ये त्यांच्याकडे अवघी सहा माणसे होती. तेलाच्या दाबाने कलणारी ट्रॉली, मग ट्रॅक्टरच्या पुढे बसणारा लोडर, अशी एकेक जोडअवजारे निघत गेली. १९५० मध्ये जवळच्या रोस्टर गावातील चीजच्या जुन्या कारखान्यात बिऱ्हाड हलले. १९५३ मध्ये फोर्डसन मेजर ट्रॅक्टरला पुढे लोडर आणि मागे बॅकहो अशी जोडी एकत्र बसवलेले यंत्र आले. 'जेसीबी' हे बोधचिन्हही त्याच वर्षीचे. बॅकहोचा शोध बॅम्फर्ड यांनी लावला असे सरसकट म्हणणे अन्यायाचे ठरते. सुटी अवजारे एका देहात आणणे, ते विकणे आणि विकल्यानंतर सांभाळणे, यात मात्र त्यांचा हात धरणारा विरळा. १९६३ च्या '३ सी' या यंत्राच्या पहिल्या शंभर ग्राहकांना त्यांनी चालकाच्या कक्षात चालणारी चहाची विजेची किटली भेट दिली होती. इंग्रज चालकाच्या मनात घर करण्याचा याहून सरळ रस्ता नसावा.

१९५७ मध्ये अमेरिकेतील केस कंपनीने असे एकसंध यंत्र कारखान्यातूनच बाहेर काढले आणि मोठ्या भांडवलाचा काळ सुरू झाला. पण त्याच वर्षी मिनेसोटा राज्यातील रॉथसे या खेड्यात सिरिल आणि लुई केलर हे लोहार बंधू एका टर्की-पालकाची अडचण सोडवत होते. त्याला कोंबडवाड्याच्या खांबांमधून वळणारे, घाण उपसणारे लहान यंत्र हवे होते. केलर बंधूंनी आपल्या दुकानात तीन चाकांचा लोडर घडवला. त्याचेच पुढचे रूप 'बॉबकॅट' म्हणून प्रसिद्धीस आले आणि पुढे याच यंत्रावर पुढचे अवजार झटपट बदलता येईल अशी जोडणी आली. यंत्र एक, हात अनेक, ही कल्पना तिथून रूढ झाली.

या धाग्याचे शेवटचे टोक म्हणजे घरगुती ओढता बॅकहो. दोन चाकांवर बसवलेले लहान इंजिन, तेलाचा पंप, बूम, तिच्यापुढे डिपर नावाचा हात आणि टोकाला बकेट. चाकांना इंजिनाची शक्ती नसते. गाडीच्या मागे जोडून ते कामावर न्यायचे. तिथे ते आपलीच बकेट जमिनीत रोवून, स्वतःला ओढत किंवा ढकलत, इंचाइंचाने सरकते. पाहणाऱ्याला खेकड्याची आठवण व्हावी अशी ती चाल असते.

अशा यंत्राबरोबर मिळणारी बकेट सर्व कामांना पुरत नाही. तीस मीटर लांब, साठ सेंटिमीटर खोल चर पाण्याच्या नळासाठी हवा आहे असे समजू. ४५ सेंटिमीटर रुंद बकेटने ८.१ घनमीटर माती निघते, २० सेंटिमीटरच्या बकेटने केवळ ३.६. वरची साडेचार घनमीटर माती उगाच काढायची आणि पुन्हा भरायची. म्हणून घरी बनवल्या जाणाऱ्या अवजारांत अरुंद बकेट बहुधा पहिली असते. मागोमाग मुळे उपटणारा एकटा दात येतो, आणि मग दगड किंवा ओंडका बकेटशी दाबून धरणारा 'अंगठा'.

पत्रा कापून बाजू व पाठ जोडणे हा सोपा भाग. कठीण असतात ते पिनांचे कान. वेल्डिंग थंड होताना आकसते आणि कान वाकडे ओढते. मग पिन आत जात नाही, गेली तर बुश खाते. जाणते कारागीर सर्व छिद्रांतून एकच सरळ दांडा घालतात आणि तो तसाच ठेवून टाके मारतात. धारेसाठी जुन्या ग्रेडरचे पाते वापरावे तर तेही निमूटपणे जुळत नाही. ते कठीण पोलाद आधी तापवून घेतले नाही, तर वेल्डिंगच्या शेजारीच तडकते.

तडा किती घातक ठरतो, याचा धडा युद्धकाळानेच दिला होता. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड बंदरात, शांत पाण्यात नुसते उभे असलेले 'स्कनेक्टडी' हे नवे तेलवाहू जहाज मोठा आवाज होऊन मधोमध दुभंगले. सदोष वेल्डिंग, थंडीत ठिसूळ होणारे पोलाद आणि ताण एकवटणारा कोपरा हे तिन्ही एकत्र आले होते. घरच्या 'अंगठ्या'लाही तोच नियम लागू पडतो. अंगठ्यावरचा भार ज्या डिपरवर येतो, तो अशा भारासाठी घडवलेलाच नसतो. म्हणून खाली जादा पट्टी देतात, आणि तिची टोके चौकोनी न ठेवता निमुळती करतात, जेणेकरून ताण एका रेषेवर साचू नये.

दुसरा धोका हावेचा. पाचशे किलोचे यंत्र घ्या. त्याचा भारमध्य टेकूपासून ८० सेंटिमीटरवर असेल, तर ते ४०० किलोग्रॅम-मीटर इतकेच तोलून धरेल. मूळ बकेटमध्ये ५० लिटर ओली माती मावते, म्हणजे सुमारे ९० किलो. तीन मीटर अंतरावर तिचा तोल २७० भरतो, इथवर ठीक. पण कोणी हौसेने दुप्पट मोठी बकेट जोडली, तर आकडा ५४० होतो, आणि बूम बाजूला वळवताच यंत्र चालकासकट आडवे होते. यात बकेटचे स्वतःचे वजन धरलेलेच नाही. तेलाच्या नळीला सुईएवढे छिद्र पडले, तर त्यातून सुटणारी बारीक धार कातडीतून आत शिरते; म्हणून गळती शोधायला हात नव्हे, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवतात.

भारतात जेसीबीचे उत्पादन १९७९ पासून हरियाणातील बल्लभगड येथे सुरू झाले. नंतर पुण्याजवळ तळेगावलाही कारखाना आला. दख्खनच्या काळ्या पाषाणापुढे मात्र नुसती बकेट हतबल ठरते. इथे लागतो ब्रेकर, आणि तोही जोडअवजारच : जर्मनीच्या क्रुप्प कंपनीने १९६७ मध्ये बाजारात आणलेल्या हायड्रॉलिक हातोड्याचा वंशज. तालुक्याच्या गावी वेल्डिंगच्या दुकानात झिजलेल्या बकेटला नवे दात बसवून मिळतात, फाटलेल्या कानाला पट्टी मारून मिळते, आणि शेजारीच एखादी ट्रॉली आकार घेत असते.

होलोपाइनेन आणि हँडी यांचे नाव बॅकहोला चिकटले नाही. पण 'वेन-रॉय' हे नाव पुसलेही गेले नाही. ते पुढे ओळखले गेले खोदयंत्राच्या हातावर बकेट चटकन बदलता यावी म्हणून बसवायच्या जोडणीसाठी.